सामुदायिक रेडिओचा परवाना: कोणती गाठ आधी सोडवायला हवी?

बोरीकाठ (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. धागा लांबेल, आधीच सांगतो.

आमची संस्था एका दुष्काळी तालुक्यात अकरा वर्षं काम करते. बचत गट, शेळीपालन, किशोरवयीन मुलींचे वर्ग. दोन वर्षांपूर्वी गटाच्या बैठकीत एका बाईंनी विचारलं, "टीव्हीवर मुंबई दिसते, पेपरात जिल्हा दिसतो, आमच्या वाडीचं कुणी सांगायचं?" तेव्हापासून आपलं रेडिओ केंद्र काढायचं मनात आहे. माणदेशी तरंग वाहिनी म्हसवडमधून २००८पासून चालते, बारामतीला वसुंधरा वाहिनी आहे. म्हणजे आपल्या भागात हे जमतं, हे समोर दिसत होतं.

मग कागद जमवायला बसलो. संस्थेची नोंदणी किमान तीन वर्षांची हवी, ती आहे. लेखापरीक्षण झालेले हिशेब आहेत. अर्जाचे २,५०० रुपये, पुढे २५,००० रुपयांची बँक हमी, तेही जमेल. पण पुढचा रस्ता कळेना. माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे अर्ज, तिथून गृह आणि संरक्षण मंत्रालयाची पडताळणी, मग इरादापत्र, म्हणजे एलओआय. त्यानंतर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीकडे, म्हणजे लहरी वाटून देणाऱ्या शाखेकडे, फ्रिक्वेन्सी, मनोऱ्याच्या जागेसाठी सॅक्फा नावाच्या समितीची मंजुरी, मग सरकारशी परवानगीचा करार ज्याला सगळे 'गोपा' म्हणतात, आणि शेवटी वायरलेस चालवण्याचा परवाना. हे सगळं कशासाठी? जेमतेम ५० वॅटचा ट्रान्समीटर, जो फार तर दहा किलोमीटर ऐकू येईल.

माझा प्रश्न साधा आहे. या साखळीतली एकच गाठ सैल करायची ठरवली, तर कोणती आधी सोडवावी? ज्यांनी केंद्र चालवलंय किंवा अर्ज करून पाहिलाय त्यांनी जरूर लिहा.

सायलीची_आई (सोमवार, रात्री १०:०५)

वाचतेय. आमच्याकडे सासूबाई रोज दुपारी जवळच्या केंद्रावरचा आरोग्याचा कार्यक्रम लावतात. त्यामागे इतके कागद असतील असं वाटलं नव्हतं.

नव्वद_पूर्णांक_चार (सोमवार, रात्री ११:३०)

बोरीकाठ, मनापासून अभिनंदन. मी सात वर्षं एका केंद्राचा व्यवस्थापक होतो, त्यामुळे तुमची यादी वाचताना पोटात खड्डा पडला.

आमचा अनुभव असा. इरादापत्र मिळालं त्या दिवशी गावात पेढे वाटले. केंद्र मिळालंच, असं सगळ्यांना वाटलं. खरी वाट तिथून सुरू होते हे नंतर समजलं. मनोरा एका शाळेच्या गच्चीवर उभारायचा ठरला होता, अर्जात त्याच जागेचे अक्षांश-रेखांश दिले होते. मध्ये शाळेच्या विश्वस्तांमध्ये बदल झाला आणि नव्या मंडळींनी गच्ची द्यायला नकार दिला. आम्ही तीनशे मीटरवर दुसरी इमारत शोधली. गाव तेच, उंची जवळजवळ तीच. पण जागा बदलली म्हणून तांत्रिक मंजुरीचा अर्ज पहिल्यापासून. त्यात आमच्या सल्लागाराने रेखांशाच्या मिनिटांत चूक केली, ती कळायला चार महिने गेले. कारण अर्ज कुठे अडकलाय हे सांगणारं कुणी नव्हतं. फोन केला की उत्तर यायचं, "प्रक्रियेत आहे."

त्या काळात आम्ही अठरा मुलामुलींना आवाज, मुलाखत, संपादन शिकवून तयार केलं होतं. केंद्र सुरू झालं तेव्हा त्यातली पाच जणं उरली होती. बाकीची कामाला पुण्याला गेली, दोघींची लग्नं झाली. परवान्याला उशीर झाला की माणसं विखुरतात. फीचं नुकसान भरून येतं, ही माणसं परत येत नाहीत.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: मुदत. प्रत्येक टेबलाला दिवस ठरवून द्या. तेवढ्या दिवसांत आक्षेप आला नाही तर मंजूर धरा.

शंकेखोर (मंगळवार, सकाळी ७:५०)

मुद्दे पटले, पण मला एक मूळ प्रश्न आहे. आता एफएमच कशाला? इंटरनेटवर रेडिओ काढायला कसलाही प्रसारण परवाना लागत नाही. पॉडकास्ट करा, व्हॉट्सॅपच्या गटात ऑडिओ टाका. वर्षभर दिल्लीकडे डोळे लावून बसण्यापेक्षा उद्या सकाळी सुरू होईल.

कुरडू (मंगळवार, सकाळी ९:१५)

शंकेखोर, माझी आई शेतात खुरपते. तिच्या कनवटीला साधा बटणांचा फोन असतो, त्यात नेट नाही, एफएम आहे. ती व्हॉट्सॅपवर ऑडिओ शोधणार, डाउनलोड करणार, पुन्हा ऐकणार? तिचे हात चिखलात असतात. रेडिओ एकदा लावला की चालू राहतो. डेटा संपला, टॉवर बंद पडला तरी चालू राहतो.

तमिळनाडूत पांबनला 'कडल ओसै' नावाचं मच्छीमारांचं केंद्र आहे. समुद्रात वारा कसा आहे, लाटा किती आहेत हे तिथल्या लोकांना त्यांच्याच बोलीत ऐकायला मिळतं. वादळाच्या दिवशी मोबाइलचं जाळं सगळ्यात आधी कोसळतं.

सायलीची_आई (मंगळवार, सकाळी ९:४०)

कुरडू, सहमत. फक्त नव्या फोनमधून एफएम गायब होतंय. मुलाचा फोन घेतला तेव्हा लक्षात आलं.

कुरडू (मंगळवार, सकाळी १०:०२)

हो ना ताई. २०२३मध्ये केंद्र सरकारने फोन बनवणाऱ्यांना सूचना काढली होती की एफएमची सोय बंद करू नका, आपत्तीच्या वेळी लागते. आमच्याकडे बायका इअरफोन नुसता अँटेना म्हणून खोचतात आणि स्पीकरवर ऐकतात. सोसायटीच्या बाकावर एका फोनभोवती सहा जणी. तेच आमचं श्रोता मंडळ.

लहरीकाका (मंगळवार, दुपारी १२:२०)

मी वायरलेसमध्ये आयुष्य काढलं, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. मंजुरी देणाऱ्यांची बाजूही इथे यायला हवी.

एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो. त्याला अगदी चिकटून, १०८च्या वर, विमानांच्या दिशादर्शनाची यंत्रणा सुरू होते. धुक्यात विमान उतरवताना धावपट्टीची मधली रेषा वैमानिकाला ज्या लहरी दाखवतात त्या तिथल्या. सामुदायिक केंद्रांना मिळणाऱ्या फ्रिक्वेन्सींपैकी एक १०७.८ आहे, म्हणजे हद्दीपासून जेमतेम ०.२ मेगाहर्ट्झवर. ट्रान्समीटर हलक्या दर्जाचा असेल, फिल्टर नीट बसवलेला नसेल, तर त्याची भलतीकडची गळती विमानाच्या कानात जाऊ शकते. मनोऱ्याची उंचीही विमानतळाच्या जवळ असली की तपासावीच लागते. त्यामुळे 'छोटा ट्रान्समीटर आहे, कुणी विचारू नका' हे मला मान्य नाही.

आता दुसरी बाजू. ही तपासणी निव्वळ गणिताची आहे. प्रसारणाची शक्ती १०० वॅट ईआरपीपर्यंत (म्हणजे अँटेनाची भर धरून निघणारी परिणामी शक्ती) बांधलेली आहे. अँटेनाची उंची जमिनीपासून १५ ते ३० मीटर. फ्रिक्वेन्सी त्याच त्या मोजक्या: ९०.४, ९०.८, ९१.२, १०७.८ वगैरे. दोन केंद्रांमध्ये किती अंतर हवं याचे आडाखे ठरलेले. जेव्हा सगळ्या मर्यादा आधीच माहीत असतात तेव्हा उत्तर आधीच काढून ठेवता येतं. देशाचा नकाशा घ्यावा, कुठल्या तालुक्यात कुठली फ्रिक्वेन्सी मोकळी आहे हे त्यावर दाखवावं आणि लोकांसाठी खुला करावा. अर्जदाराने अक्षांश-रेखांश टाकले की पडद्यावर दिसावं: इथे ९०.४ मोकळी, मनोरा ३० मीटर चालेल. विमानतळ आणि लष्करी ठाण्यांच्या आसपासचा भाग वेगळ्या रंगात दाखवून तिथलेच अर्ज माणसाने हाताळावेत.

नव्वद_पूर्णांक_चार, तुमच्या तीनशे मीटरच्या बाबतीत सांगतो. एवढ्या सरकण्याने दहा किलोमीटरच्या केंद्राच्या हिशेबात काहीच बदलत नाही. ठरावीक परिघात जागा हलली तर नुसतं कळवलं की पुरे, असा नियम हवा.

नव्वद_पूर्णांक_चार (मंगळवार, दुपारी १:०५)

काका, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा आहे. सात वर्षांत इतकं स्वच्छ कुणी समजावलं नव्हतं.

शब्दमित्र_वकील (मंगळवार, संध्याकाळी ६:४५)

थोडा इतिहास, कारण त्यात आपला माणूस आहे.

९ फेब्रुवारी १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात निकाल दिला. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि लोकांच्या भल्यासाठी एका सार्वजनिक यंत्रणेने तिचं नियमन करावं, अशी त्याची मांडणी. मुख्य निकाल न्यायमूर्ती पी. बी. सावंतांनी लिहिला. भांडण क्रिकेटच्या प्रक्षेपणाचं होतं, पण सामुदायिक रेडिओची मागणी त्या वाक्याच्या आधारावर उभी राहिली. १९९६मध्ये बंगळूरला कार्यकर्त्यांनी जाहीरनामा केला, २००० साली पस्तापूरला पुन्हा जमले. डिसेंबर २००२मध्ये सरकारने पहिलं धोरण आणलं, तेही फक्त शिक्षणसंस्थांसाठी. फेब्रुवारी २००४मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं. स्वयंसेवी संस्थांना दार उघडलं ते नोव्हेंबर २००६च्या धोरणाने. आणि तेलंगणातल्या त्याच पस्तापूरजवळच्या माचनूरला ऑक्टोबर २००८मध्ये दलित शेतकरी महिलांचा संगम रेडिओ हवेत आला.

निकाल १९९५चा, बायकांच्या हातात माइक २००८मध्ये. तेरा वर्षं.

२००६च्या धोरणातली एक तरतूद मुद्दाम सांगतो. विद्यापीठं आणि सरकारी शिक्षणसंस्था यांना गृह मंत्रालयाच्या वेगळ्या मंजुरीसाठी थांबावं लागत नाही, एकाच आंतरमंत्रालयीन समितीसमोर प्रकरण ठेवावं असं तिथे लिहिलं आहे. सोपा रस्ता कागदावर आहे, तो फक्त एका वर्गासाठी आहे. त्यामुळे बोरीकाठ, माझी गाठ ही: पाच-दहा वर्षं स्वच्छ हिशेब असलेल्या संस्थेलाही तोच रस्ता द्या.

झुळूक२३ (मंगळवार, रात्री ८:१०)

मी विद्यापीठाच्या केंद्रावर दोन वर्षं काम केलं. वकीलसाहेबांचं म्हणणं बरोबर आहे, आम्हाला कागदांची झळ लागली नाही. पण आमच्या 'समुदायात' वसतिगृहातली मुलं सोडून फार कुणी नव्हतं. कुंपणाबाहेरच्या वस्तीतल्या एका मावशींना मुलाखतीला बोलावलं तर त्यांनी विचारलं, "मला आत सोडतील का?" परवाना सोपा होता, पण केंद्र त्या वस्तीचं झालं नाही. हे मला अजून सलतं.

खडूफळा (मंगळवार, रात्री ९:००)

झुळूक, हाच माझा विरोधाचा मुद्दा आहे. 'सुलभ करा, सुलभ करा' म्हणताना ते कुणासाठी सुलभ होणार हे बघा. नियम सैल झाले की पहिल्या रांगेत बचत गटाच्या बायका नसतात. शिक्षणसम्राट असतात, त्यांच्यामागे राजकारण्यांचे न्यास असतात. आता २०२४च्या सुधारित धोरणात अनेक जिल्ह्यांत काम करणाऱ्या संस्थेला सहा केंद्रांपर्यंत परवानगी आहे. सहा केंद्रं चालवण्याची ताकद कुणाकडे असते? मी तालुक्याच्या ठिकाणी शिक्षक आहे, संस्था कशा उभ्या राहतात ते जवळून बघतो. परवाना अवघड आहे म्हणून निदान काही जण थकून परत जातात.

कुरडू (मंगळवार, रात्री ९:२५)

सर, थकून परत जातात ते आमच्यासारखे. ज्यांच्याकडे दिल्लीत माणूस ठेवायला पैसे आहेत ते कधीच थकत नाहीत.

बोरीकाठ (मंगळवार, रात्री १०:३०)

खडूफळा सर, तुमची भीती खरी आहे, आणि कुरडूने दिलेलं उत्तरही खरं आहे. राजकीय पक्ष, त्यांच्या संलग्न संघटना आणि नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था यांना २००६पासूनच मनाई आहे. ती तशीच राहावी, किंबहुना जास्त कडक व्हावी. २०२४च्या धोरणात सल्लागार आणि आशय समितीत निम्म्या स्त्रिया हव्यात असं म्हटलंय, ते मला फार मोलाचं वाटतं. पण समिती आहे की नुसती कागदावर, हे बघायला कुणी येत नाही. माझ्या मते छाननी दारात कमी आणि घरात जास्त हवी. सुरू होऊ द्या, मग दर दोन वर्षांनी गावात जाहीर सुनावणी घ्या: केंद्र कुणाचं आहे, बोलतं कोण, निम्मा कार्यक्रम इथल्या लोकांनी केलाय का. त्यात नापास झालं तर परवाना काढून घ्या.

खडूफळा (मंगळवार, रात्री १०:५०)

जाहीर सुनावणी मान्य. ती ग्रामसभेसमोर व्हावी, संस्थेच्या सभागृहात नव्हे.

पाटाचं_पाणी (बुधवार, सकाळी ६:३०)

बातम्यांचं कुणीच बोललं नाही अजून. मी एका केंद्रासाठी शेतीचा कार्यक्रम करतो. बातम्या आणि चालू घडामोडी द्यायच्या नाहीत असा नियम. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. हवामान, बाजारभाव, परीक्षांचे निकाल, वीज-पाण्याच्या सूचना, आपत्तीचे इशारे हेही चालतं.

आता माझी अडचण ऐका. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे बिबट्या आला. तो इशारा म्हणून सांगितला, ठीक. दुसऱ्या दिवशी वनखात्याने पिंजरा लावला, तेही सांगितलं. तिसऱ्या दिवशी लोक विचारू लागले, पिंजरा भलत्याच शिवारात का लावला? आता हा इशारा की बातमी? आम्ही थांबलो. गावात मग तोंडातोंडी ज्या गोष्टी पसरल्या त्यात बिबट्याचे चार बिबटे झाले.

ग्रामसभेत काय ठरलं, रोजगार हमीची मजुरी किती आठवडे थकली, टँकर कुठल्या वस्तीला गेला नाही, हे आम्हाला दिवसभर दिसतं. माइक हातात असतो आणि आम्ही सोयाबीनवरच्या अळीबद्दल बोलतो. अळीबद्दल बोललंच पाहिजे, ते माझं आवडतं काम आहे. पण टँकरचं कुणी बोलायचं?

शंकेखोर (बुधवार, सकाळी ८:४०)

पाटाचं_पाणी, तुमची कळकळ समजते, पण इथे मी सरकारच्या बाजूने आहे. १९९४ला रवांडात रेडिओने काय केलं ते आठवा. माणसांची नावं, पत्ते सांगून कत्तली घडवल्या. आपल्याकडे एका अफवेवरून गावं पेटतात. गावातल्या भांडणात गावातलंच केंद्र तटस्थ कसं राहील? वर निवडणूक आली की काय होईल?

शब्दमित्र_वकील (बुधवार, सकाळी ११:१५)

शंकेखोर, रवांडाचा दाखला गंभीर आहे, म्हणून गांभीर्यानेच उत्तर देतो. रवांडातलं ते केंद्र, आरटीएलएम, हे लोकांनी चालवलेलं छोटं केंद्र नव्हतं. ते खासगी होतं, सत्तेच्या जवळच्या जहाल गटाच्या पाठबळावर उभं होतं. तिथे चिथावणी देणाऱ्यांवर पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात खटले चालले, शिक्षा झाल्या. द्वेष पसरवणं हा गुन्हा आहे आणि त्याला कायदा आहे. आपल्याकडे तर केंद्राला प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवावं लागतं. आवाज, वेळ, नाव, सगळा पुरावा हातात. व्हॉट्सॅपवरच्या अफवेला यातलं काही नसतं.

शेजारच्या नेपाळात रेडिओ सगरमाथा १९९७पासून चालतं आणि तिथली सामुदायिक केंद्रं बातम्या देतात. आपल्याकडे २०१३मध्ये 'कॉमन कॉज' या संस्थेने या बंदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिकाही केली होती. वृत्तपत्र काढायला, टीव्ही वाहिनी काढायला, संकेतस्थळ काढायला बातम्यांची मनाई नाही. मग दहा किलोमीटरच्या रेडिओलाच का, याचं पटणारं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

शंकेखोर (बुधवार, दुपारी २:००)

ध्वनिमुद्रणाचा मुद्दा मी धरला नव्हता, तो मान्य. निदान ग्रामसभेचं इतिवृत्त आणि सरकारी योजनांची स्थानिक आकडेवारी वाचून दाखवायला परवानगी असावी, इथपर्यंत मी येतो. निवडणुकीच्या काळाबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.

पाटाचं_पाणी (बुधवार, दुपारी २:२०)

तेवढं झालं तरी टँकरचं सांगता येईल :)

ओवीवेडी (बुधवार, संध्याकाळी ५:३०)

थोडं अवांतर, चालवून घ्या. आम्ही एका केंद्रासाठी जात्यावरच्या ओव्या गोळा करत होतो. ऐंशीच्या पुढच्या एक आजी. दोन दिवस "मला काही येत नाही" म्हणत बसल्या. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी घरातलं जुनं जातं बाहेर काढलं, खुंटा हातात दिला, मूठभर ज्वारी घातली. जातं फिरू लागलं आणि आजी थांबेचनात. पाऊण तास. भावाच्या, माहेरच्या, पंढरीच्या वाटेच्या ओव्या. त्या रात्री केंद्रावरून लावल्या तेव्हा शेजारच्या तीन वाड्यांतून फोन आले, "आमच्या म्हातारीलाही येतात, या."

यात नियमांचा संबंध असा की गाण्यांच्या हक्कांचं ओझं छोट्या केंद्रांना फार होतं. चित्रपटगीत लावायचं तर स्वामित्वधन. आम्ही म्हटलं, मग आपल्याच बायकांची गाणी लावू. पण त्यातही ओवीचा हक्क कुणाचा? आजीचा, गावाचा, की ध्वनिमुद्रण करणाऱ्या संस्थेचा? आम्ही आजीच्या नावाने नोंद ठेवतो आणि बाहेर कुणाला द्यायची असेल तर त्यांना विचारतो. याचे सोपे नियम कुणी लिहिले तर फार बरं होईल.

सायलीची_आई (बुधवार, संध्याकाळी ६:००)

ओवीवेडी, अंगावर काटा आला. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "जातं लागतंच, त्याशिवाय आठवत नाही."

नव्वद_पूर्णांक_चार (बुधवार, रात्री ८:३०)

पैशाबद्दल लिहितो, कारण नव्या माणसाला परवाना हाच डोंगर वाटतो.

२०१२ साली फ्रिक्वेन्सीचं वार्षिक शुल्क १९,७०० रुपयांवरून ९१,००० करण्यात आलं. कित्येक केंद्रांचं वर्षाचं मानधन तेवढं नव्हतं. देशभरातल्या केंद्रांनी विरोध केला आणि ती वाढ मागे घ्यावी लागली. तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं की एकत्र बोललं तर ऐकलं जातं.

जाहिरातींना आधी तासाला ५ मिनिटं होती, मग ७ झाली, २०२४मध्ये १२. सरकारी जाहिरातीचा दरही दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ झाला. हिशेब केला तर मिनिटाला ४४४ रुपये, बारा मिनिटं भरली तर तासाला ५,३२८. ऐकायला छान आहे. पण ती बारा मिनिटं भरतं कोण? गावात किराणा दुकान, कृषी सेवा केंद्र, एक मंगल कार्यालय. महिन्याला मिळून काही हजार. सरकारी जाहिरात आलीच तर बिल निघायला इतका वेळ लागतो की तोवर विजेचं बिल उसन्या पैशांवर भरायचं. एकदा तर निवेदिकांनी तीन महिने मानधन घेतलं नाही आणि आम्हाला ते सांगितलंही नाही. वहीत सही नव्हती म्हणून मला कळलं.

म्हणून मिनिटं वाढवण्याइतकंच देणं वेळेवर देणं हा सुलभतेचा भाग धरा. परवान्याची मुदत पाचऐवजी दहा वर्षं झाली हे मात्र खरोखर चांगलं झालं. नूतनीकरणाच्या धास्तीत कुणी नवं यंत्र घेत नसे.

दूरदेशी (गुरुवार, पहाटे ४:१०)

मी अमेरिकेत आहे. इथे लो पॉवर एफएम नावाचा परवान्याचा वेगळा वर्ग २००० साली काढला. शक्ती १०० वॅट, म्हणजे आपल्याइतकीच. फक्त ना-नफा संस्थांना. मोठ्या केंद्रांनी 'आमच्यात व्यत्यय येईल' म्हणून आरडाओरडा केला, संसदेने मध्ये निर्बंधही घातले आणि २०१०च्या कायद्याने ते बरेचसे उठवले. इथली अडचण वेगळी आहे. अर्ज वर्षभर घेत नाहीत, खिडकी उघडते आणि बंद होते. २०१३नंतरची मोठी खिडकी थेट डिसेंबर २०२३ला उघडली. दहा वर्षं. त्या बाबतीत आपल्याकडे अर्ज केव्हाही करता येतो हे चांगलं आहे, ते जपा.

पण लहरीकाका म्हणतात तसं फ्रिक्वेन्सी शोधून देणारं साधन इथे नियामकानेच खुलं ठेवलंय. मी आमच्या गावच्या ग्रंथालयाच्या गटासाठी ते वापरलं. जागा टाकली की कोणती वाहिनी मोकळी आहे ते दाखवतं. आपल्याकडे हे का होऊ नये?

लहरीकाका (गुरुवार, सकाळी ७:००)

दूरदेशी, धन्यवाद. मला हेच म्हणायचं होतं.

आणखी एक. पडताळणी आणि तांत्रिक मंजुरी आज एकामागून एक चालतात. संस्थेचं चारित्र्य तपासणारे वेगळे, लहरी तपासणारे वेगळे. एकाने दुसऱ्यासाठी थांबायचं काहीच कारण नाही. दोन्ही एकाच दिवशी सुरू करा, अर्धा वेळ वाचतो. यासाठी कायदा बदलायला नको, एक परिपत्रक पुरे.

खडूफळा (गुरुवार, सकाळी ७:४५)

काका, हे मात्र शंभर टक्के मान्य. यात कुणाचा गैरफायदा व्हायची भीती नाही.

बोरीकाठ (गुरुवार, रात्री ९:१५)

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. काल आमच्या गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचूनही दाखवले. बिबट्याच्या गोष्टीवर सगळ्या हसल्या, मग एक जण म्हणाल्या, "आपल्याकडे टँकरचं असंच झालं होतं की."

माझ्या प्रश्नाला मला मिळालेलं उत्तर लिहितो. मी सुरुवात केली तेव्हा फी, बँक हमी, कागदांची संख्या यावर चिडलो होतो. आता वाटतं की आधी सोडवायची गाठ म्हणजे लहरी आणि माणसं यांची गुंतवलेली तपासणी. लहरींचं उत्तर नकाशावर, सगळ्यांना दिसेल असं. माणसांची तपासणी मुदतीत, आणि खरी कसोटी केंद्र सुरू झाल्यावर ग्रामसभेसमोर. बातम्यांची लढाई लांबची आहे, ती न्यायालयात आणि संसदेत लढावी लागेल. पण ती सोडायची नाही, हे बैठकीत बायकांनीच सांगितलं.

इरादापत्राला वर्षाची मुदत असते, म्हणून मनोऱ्याची जागा आधी पक्की करतोय. शाळेऐवजी ग्रामपंचायतीची इमारत घेतली, ठराव लेखी घेतला. नव्वद_पूर्णांक_चार, हे तुमच्यामुळे सुचलं. प्रशिक्षण मात्र परवान्यासाठी थांबवणार नाही. रविवारपासून चावडीसमोर भोंगा लावून आठवड्याला एक तास कार्यक्रम करतोय. पोरं विखुरली तरी काही तरी हातात राहील.

लहरीकाका, एक विनंती. अक्षांश-रेखांश मी मोबाइलवर घेतलेत, अर्जात अंश-मिनिट-सेकंदांत लिहायचेत. भीती वाटते. तुम्ही एकदा तपासून द्याल का?

लहरीकाका (गुरुवार, रात्री ९:३२)

व्यक्तिगत निरोपात पाठव. मोबाइलच्या एका आकड्यावर जाऊ नकोस. उद्या सकाळी गच्चीवर जा, मनोरा जिथे येणार तिथे उभा राहा आणि तीन वेगवेगळ्या वेळी घे. जमिनीपासून गच्चीची उंचीही टेपने मोज, अंदाजाने लिहू नकोस. अँटेनाची उंची जमिनीपासून धरतात.

ओवीवेडी (गुरुवार, रात्री ९:५०)

बोरीकाठ, रविवारच्या तासासाठी ओव्या हव्या असतील तर सांगा. आजींना विचारून पाठवते.

बोरीकाठ (गुरुवार, रात्री १०:०५)

हव्यात. आणि काका, टेप शेजारच्या सुताराकडून आत्ताच आणून ठेवली.